कसबाची घसरण आणि कारागिराची पत



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अशा व्यासपीठांवरून धर्म, राजकारण, साहित्य आणि विज्ञान यांचा पुष्कळ ऊहापोह झाला. तो ऐकणारे श्रोते ज्या खुर्च्यांवर बसत आले, त्या खुर्चीचा पाय दोन वर्षांत का डुगडुगू लागतो, याचा ऊहापोह मात्र क्वचितच झाला असेल. आज आम्ही तो करणार आहोत. कामगार संघटनेचा माणूस आला म्हणजे बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार अशी आपली अपेक्षा असेल, तर ती अगदीच फोल ठरणार नाही. मजुरीची गोष्ट शेवटी यायचीच आहे. फक्त ती आज दाराच्या चौकटीतून येईल.

आम्ही हरसूलचे. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे गुजरातच्या सीमेकडे जाताना जो डोंगराळ, जंगली मुलूख लागतो, त्यातले हे बाजाराचे गाव. भोवताली कोकणा, वारली, महादेव कोळी यांची वस्ती. भात, नागली आणि वरई ही पिके. पाऊस उदंड, पण पाऊस सरला की काम सरते, आणि मग माणसे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन निघतात. कोणी गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभे राहून द्राक्षबागांत जातात, कोणी नाशिकच्या इमारतींवर. इमारतींवर गेलेल्यांपैकी काही मुले सुताराच्या हाताखाली लागतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा वाचनालयाची आणि संघटनेच्या कचेरीची. ज्यांच्यात आमचे आयुष्य गेले त्या कारागिरांच्या आणि मदतनिसांच्या वतीने आम्ही येथे उभे आहोत.

आमच्या मुलखाची एक विचित्र गोष्ट पहिल्यानेच सांगून टाकतो. सागाच्या जंगलात जन्मलेला मुलगा शहरात येतो, आणि सुतारकाम म्हणून जे शिकतो ते भुसा दाबून केलेल्या फळीवर. ज्याच्या घराची तुळई त्याच्या आज्याने वाकसाने तासलेली आहे, त्या नातवाला लाकडाचा तंतू कोणत्या दिशेने जातो हे कोणी दाखवलेले नसते. हा दोष मुलाचा आहे काय? आमच्या आजच्या बोलण्याचा सारा रोख या प्रश्नावर आहे.

प्रथम कसब म्हणजे काय ते पाहू. त्याशिवाय घसरण कशाची झाली ते कळणार नाही. पुष्कळांची समजूत अशी असते की लाकूड कापता आले, खिळा मारता आला, की झाला सुतार. प्रत्यक्षात सुताराचे पहिले ज्ञान लाकडाच्या स्वभावाचे असते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल लांबीत जवळजवळ नसते, रुंदीत असते. आणि रुंदीतही वर्षवलयांच्या बाजूने होणारी आकसणी, गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसणीच्या साधारण दुप्पट असते. हे आकडे जुन्या सुताराला ठाऊक नव्हते, पण त्याच्या हाताला ठाऊक होते. म्हणून तो दाराच्या चौकटीतली मधली फळी सरसाने चिकटवीत नसे. खोबणीत मोकळी बसवी. तिला फुगायला जागा राही, आणि दार पन्नास पावसाळे काढी. आज कोणी तीच फळी घट्ट चिकटवून देतो. पहिल्या वर्षी दार सुरेख दिसते. दुसऱ्या वर्षी फळी मधोमध तडकते.

तीच गोष्ट सांध्याची. एका लाकडाला कुसू काढायचा, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची आणि दोन्ही बसवायची. कुसू लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश असावा असा ठोकताळा आहे. त्याहून जाड केला तर खाचेच्या भिंती फाटतात. पातळ केला तर कुसूच मोडतो. खिळा दोन लाकडांना एकमेकांशी बांधून ठेवतो. सांधा एकाचे वजन दुसऱ्यावर टेकवतो. खुर्चीवर बसणारा माणूस मागे रेलतो तेव्हा हा फरक कळतो.

मुरवणीचेही तसेच. ओल्या लाकडाचे सामान करू नये. एक इंच जाडीची फळी उघड्या हवेत मुरायला सुमारे एक वर्ष लागते असा जुना हिशेब. बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण घ्या. तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर लाकडी पाट्या आणि त्यांवर लोखंडी धाव. धाव आगीत तापवून चढवायची, वरून पाणी ओतायचे. धाव आकसते आणि सारे आरे तुंब्यात घट्ट बसतात. लोहाराचे माप कणभर चुकले तर धाव ढिली, सुताराचे लाकूड ओले राहिले तर उन्हाळ्यात चाक खिळखिळे. दोघांचे शहाणपण एका चाकात फिरत असे.

चांदवडचा होळकरांचा रंगमहाल किंवा १८०७ साली बांधलेला पुण्याचा विश्रामबागवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथले सुरूदार खांब पाहून आपण पेशव्यांची आणि होळकरांची रसिकता वाखाणतो. वाखाणावी. पण तो खांब ज्याने घडवला त्याचे नाव भिंतीवर नाही. धन्याचे नाव राहिले, कारागिराचे गेले. ही आपली जुनी रीत आहे, आणि आजच्या दुखण्याची एक मुळी तेथेही आहे.

आता गावगाड्याकडे येऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आपले खेडे कळून घ्यायचे आहे त्यांनी ते अवश्य वाचावे. बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान पहिल्या ओळीत होते, कारण त्याच्यावाचून नांगर चालत नसे. त्याला वर्षाकाठी खळ्यावर धान्य मिळे. त्याबदली कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती त्याने वर्षभर करून द्यायची. यातला हिशेब बारकाईने पाहण्यासारखा आहे. सुताराला नगामागे पैसे नव्हते. नांगर वर्षात एकदा मोडला काय आणि दहादा मोडला काय, धान्य तेवढेच. मग कच्चे काम करून त्याचा फायदा काय? उलट नुकसानच. कच्चा नांगर पेरणीच्या ऐन घाईत पुन्हा त्याच्याच दारात येऊन पडे. म्हणून लाकूड निवडून घेणे, ते मुरवणे आणि सांधा नीट बसवणे यांतच त्याचा स्वार्थ होता. आम्ही याला सुताराचा सद्गुण म्हणणार नाही. व्यवस्थाच अशी होती की पक्के काम त्याला परवडे.

ही व्यवस्था आम्हांला परत हवी आहे असा कोणी अर्थ काढील, म्हणून स्पष्टच सांगतो. ती मुळीच परत नको. त्या गाड्यात सुताराच्या मुलाला सुतारच व्हावे लागे, आणि इतरांच्या मुलाला ते होता येत नसे. बाईच्या हाती रंधा देण्याची कल्पनाही कोणाला शिवली नव्हती. गाड्याच्या तळाशी जे होते त्यांच्या वाट्याला धान्यापेक्षा अपमानच अधिक येई. आमच्या डोंगरी मुलखात बलुत्याची पकड मुळात सैल होती. आदिवासी शेतकरी पुष्कळदा आपला नांगर आणि आपले घर आपणच घडवी. बोहाड्याची सोंगेही गावातलेच हात करीत. तेव्हा कसब हे कोणा एका जातीच्या रक्तात असते, ही समजूत आमच्याच मुलखात खोटी ठरलेली आहे. बलुत्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच: ज्याने वस्तू घडवली, त्याच्याकडेच ती दुरुस्तीला परत येत असे. ही गाठ सुटली, आणि तिच्याबरोबर बाकीचेही सुटत गेले.

ती कशी सुटली? पहिली गोष्ट यंत्राची. विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. पुढे रबरी चाकाची गाडी आली, ट्रॅक्टर आला. खेड्यातल्या सुताराचे निम्मे काम गेले. याला आम्ही घसरण म्हणत नाही. हा काळाचा पालट आहे. लोखंडी नांगराने खोल नांगरट झाली, बैलाचे आणि माणसाचे कष्ट वाचले. विजेच्या करवतीने दिवसाचे काम तासावर आणले. यंत्राला शिव्या देणारा कामगार पुढारी आपल्याच माणसांचे नुकसान करतो.

दुसरी गोष्ट मालाची. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या जंगल कायद्यांनी लाकूड सरकारच्या हाती गेले. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या. तोड कंत्राटदाराऐवजी आदिवासींनीच करावी हा त्यामागचा चांगला हेतू होता. पण त्यांतूनही आमच्या माणसाच्या हाती बहुतेक कुऱ्हाडच आली, रंधा आला नाही. लाकूड ओंडक्याच्या रूपाने बाहेर गेले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात वृक्षतोडीवर आणि लाकूड गिरण्यांवर कडक बंधने घातली. जंगलाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूसह गौण वनोपजावर हक्क दिला. इमारती लाकूड मात्र त्यात नाही. परिणाम असा की साग महाग झाला आणि त्याची जागा प्लायवूडने आणि दाबलेल्या भुशाच्या फळीने घेतली.

प्लायवूड ही वस्तू वाईट आहे असे समजू नका. पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवल्यामुळे एका थराची हालचाल दुसरा थर रोखून धरतो. म्हणून ते साध्या फळीसारखे वाकत-तडकत नाही. ही मोठी युक्ती आहे. पण तिलाही तिचे कसब लागते. कापलेली कड उघडी ठेवली तर तिच्यातून पाणी आत जाते. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडले नाही तर थर सुटतात. दाबलेल्या भुशाच्या फळीत एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही, म्हणून बिजागरी पहिल्या खेपेलाच अचूक लागली पाहिजे. साधे प्लायवूड भारतीय मानक ३०३ चे, सागरी प्लायवूड मानक ७१० चे. मोरीशेजारी पहिल्यातले हलके प्लायवूड लावले तर ते फुगणारच. नव्या मालाला नवे ज्ञान हवे होते. ते कोणी दिले?

येथे तिसरी गोष्ट येते, आणि आमच्या मते तीच मुख्य आहे. ती म्हणजे फुटाचा दर. इमारतीचा मालक मुख्य ठेकेदाराला काम देतो, तो पोटठेकेदाराला, पोटठेकेदार मुकादमाला आणि मुकादम कारागिराला. प्रत्येक पायरीवर काही रक्कम झिरपते, आणि तळाला जो उरतो तो चौरस फुटाचा दर. समजा, तो दर फुटामागे शंभर रुपये आहे. एक कारागीर कड उघडीच ठेवून, भोक न पाडता, दिवसाला दहा फूट काम उरकतो. त्याला हजार रुपये मिळतात. दुसरा कड बंद करतो, भोक पाडतो, काटकोन तपासतो. त्याचे आठच फूट होतात आणि त्याला आठशे मिळतात. म्हणजे चांगल्या कामाला दोनशे रुपये दंड! बलुत्यात पक्के काम परवडे, फुटाच्या दरात कच्चे काम परवडते. माणूस तोच, हात तेच. हिशेब उलटा झाला. कसबाच्या घसरणीचे कारण नव्या पिढीच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी आधी हा हिशेब सोडवून दाखवावा.

या दराने आणखी एक गोष्ट केली. काम तुकड्यांत वाटले. एक जण दिवसभर कापतो, दुसरा चिकटवतो, तिसरा बिजागऱ्या लावतो. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने चार वर्षे फक्त सनमायका चिकटवला. चार वर्षांनी तो ‘अनुभवी सुतार’ म्हणून दुसरीकडे गेला, तेव्हा त्याला साधी चौकट बांधता येईना. लोकांनी त्याला हसून नावे ठेवली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आणि आड कोणी कोरडा ठेवला?

एका गृहसंकुलातली हकीकत सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरांतली कपाटे पहिल्या पावसाळ्यातच फुगली. राहणाऱ्यांनी ओरड केली. ठेकेदाराने काय करावे? ज्या मुलांनी ती बसवली होती, त्यांची राहिलेली मजुरी अडकवून ठेवली. माल हलका आणला ठेकेदाराने, मुदत आखडली ठेकेदाराने, आणि दंड बसला मुलांना. आम्ही मजुरीसाठी भांडलो, ती बव्हंशी मिळाली. पण एका मुलाने तेव्हा जे विचारले ते आमच्या मनात घर करून बसले आहे. तो म्हणाला, “दादा, पैसे मिळाले, बरं झालं. पण कपाट असं का फुगलं, ते कोणी सांगंल का मला?” मजुरीबरोबर त्याला ज्ञान हवे होते. कामगाराला फक्त पैसाच हवा असतो असे समजणाऱ्यांनी हा प्रश्न ध्यानात ठेवावा.

दुसरी हकीकत अधिक कडू आहे. एका कामावर करवतीच्या पात्यावरचे झाकण काढून ठेवले होते, कारण झाकणाने हात मंदावतो. आमच्याकडचा बावीस वर्षांचा मुलगा, सुताराच्या हाताखाली अवघे तीन आठवडे झालेले. त्याची दोन बोटे गेली. बोटे गेलेला हात भाताची लावणीसुद्धा धड करू शकत नाही. घाईची किंमत कपाटाला पडते, तशीच ती हाताला पडते. आणि जी किंमत दिसत नाही ती छातीला पडते. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिलेला आहे. बंद खोलीत, तोंडाला फडके न बांधता, यंत्राने फळ्या घासणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. कसब शिकणे म्हणजे स्वतःचे शरीर सांभाळायला शिकणेही होय.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की आजच्या पोरांना कष्ट नकोत. आम्ही त्या पोरांना पहाटे पाचला मजूरनाक्यावर उभी पाहतो. आक्षेप घेणारे त्या वेळी बहुधा झोपलेले असतात. दुसरा असा की गिऱ्हाइकालाच स्वस्त हवे. गिऱ्हाइकाला स्वस्त हवे असते हे खरे, पण तीन वर्षांनी पुन्हा विकत घ्यावे लागणारे कपाट स्वस्त कसे? तिसरा आक्षेप जरा हळू आवाजात येतो: बाहेरच्या प्रांतांतून आलेल्या कारागिरांनी धंदा बिघडवला. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले पुष्कळ सुतार आमच्याबरोबर काम करतात. त्यांच्यात आम्ही अत्यंत पारंगत हात पाहिले आहेत. तेही त्याच फुटाच्या दराखाली भरडले जातात. जात्यातल्या दाण्यांनी एकमेकांना दोष देऊन काय मिळणार?

आता थोडे जगाकडे पाहू. १७९१ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सुतारांनी काम थांबवले. मागणी होती दहा तासांच्या दिवसाची. पुढे १८८१ साली तेथे सुतारांची देशव्यापी संघटना निघाली. तिचा संस्थापक पीटर मॅग्वायर हा स्वतः सुतार होता. १ मे १८९० रोजी आठ तासांच्या दिवसासाठी जो लढा झाला त्यात आघाडीला उभे राहण्याचे काम तेथील कामगार महासंघाने याच सुतारांकडे दिले. त्याच साली आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना संघटित करून रविवारची सुट्टी मिळवीत होते. ज्यांच्या हातात कसब होते, त्यांना काम थांबवण्याची ताकद होती. कारण त्यांची जागा दुसऱ्या दिवशी नाक्यावरून भरून काढता येत नव्हती. कसब हीच कारागिराची पत आणि तेच त्याचे हत्यार. ज्याचे काम कोणीही तीन आठवड्यांत शिकू शकतो, त्याचा पगार ठेकेदार तीन मिनिटांत ठरवतो.

कसब टिकवायचे कसे, याचेही धडे जगात आहेत. जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नवे बांधण्याची प्रथा आहे. २०१३ साली बासष्टावी खेप झाली. वीस वर्षांचे अंतर मोठे चतुर आहे. एका खेपेला शिकाऊ असलेला मुलगा पुढच्या खेपेला मुख्य कारागीर होतो आणि त्याच्या पुढच्या खेपेला शिकवणारा. फ्रान्समध्ये १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे जुने लाकडी छप्पर जळून खाक झाले. त्यांनी ते ओकच्या लाकडातच पुन्हा उभे केले. तुळया तासण्यासाठी कुऱ्हाडीचे जुने तंत्र वापरले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. पैसा तर जमलाच, पण पैशाने हात एका रात्रीत तयार होत नाहीत. कुऱ्हाडीने तुळई तासणारे सुतार त्या देशात अजून शिल्लक होते, म्हणून ते शक्य झाले. उद्या आपल्या एखाद्या वाड्याचा खांब जळाला, तर तो पुन्हा घडवणारे हात आपल्यात किती निघतील?

आपल्याकडे काहीच होत नाही असे नाही. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. पण शिकाऊ घेण्याची सक्ती आहे ती तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना. आमचा सुतार काम करतो तो दोन-चार जणांच्या टोळीत. कायद्याचा हात तेथवर पोचत नाही. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो चांगला आहे, पण ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्याला वर्षभर विनामजुरी बसणे झेपत नाही. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला, त्यातून कल्याण मंडळाची वाट उघडली. पण तेथे ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि मुकादम बदलत राहणाऱ्या मुलाला तो द्यायला कोणी पुढे येत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंद्यांत सुतार आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्क्यांनी कर्ज आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये. हत्यारे मिळाली, शिकतानाही रोज मिळाला, याचे आम्ही स्वागत करतो. पण प्राथमिक प्रशिक्षण आहे पाच ते सात दिवसांचे. फळी मुरायला वर्ष लागते आणि सुतार आठवड्यात मुरावा! पी हळद नि हो गोरी, यातलाच हा प्रकार.

मग करायचे काय? आमच्या संघटनेच्या पाच मागण्या आहेत, आणि त्या आम्ही या व्यासपीठावरून मुद्दाम मांडतो. कारण त्या केवळ कामगारांच्या नाहीत, आपल्या सर्वांच्या घरांच्या आहेत.

एक: शिकण्याला मजुरी असावी. मोठ्या इमारतीच्या प्रत्येक सुतारकामावर ठरावीक शिकाऊ मुले आणि मुली घेतल्या जाव्यात. त्यांना दोन-तीन वर्षे पगार मिळावा, आणि कापण्यापासून शेवटचा हात फिरवण्यापर्यंत सर्व कामे फिरून मिळावीत.

दोन: दर फुटावर न ठरता दिवसावर आणि दर्जावर ठरावा. जुन्या जाणत्या कारागिरांनी परीक्षा घ्यावी. चौकट बांधून दाखव, दार टांगून दाखव, मग वरचा दर्जा. परीक्षेत जात, प्रांत, बाई-पुरुष यांचा विचार नको.

तीन: कामावर नाव असावे. कपाटाच्या पाठीमागे करणाऱ्याचे नाव आणि साल लिहावे. वर्षभरात, म्हणजे एक पावसाळा उलटेपर्यंत, काही बिघडले तर दुरुस्ती त्याच कारागिराने करावी, आणि त्या दिवसाची मजुरी ठेकेदाराने द्यावी. मालाची निवड ठेकेदाराची, तेव्हा खर्चही त्याचाच. पण आपले काम कोठे कमी पडले हे पाहायला करणारा हातच परत गेला पाहिजे. बलुत्यातली जी एक गाठ आम्ही मोलाची म्हटली, ती या रीतीने जात आणि लाचारी वगळून पुन्हा बांधता येते.

चार: पात्यावर झाकण, तोंडावर फडके, खोलीत वारा. यावाचून काम सुरू करायचे नाही, आणि झाकण काढायला सांगणाऱ्याचे काम करायचे नाही.

पाच: हरसूलसारख्या ठिकाणी लाकडाची कार्यशाळा निघावी. आमच्या मुलांनी लाकूड प्रथम शहरात का पाहावे? सरकारी आगारातून रीतसर मिळणाऱ्या सागाचा लहानसा वाटा शिकण्यासाठी राखून ठेवावा. तेथे खुर्च्या, शाळांचे बाक, खिडक्या, चौरंग व्हावेत. ओंडका बाहेर जातो तेव्हा गावात तोडणावळ राहते. खुर्ची बाहेर जाईल तेव्हा गावात विद्या राहील. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनी एका लहान गावाचे नाव देशभर नेले, हे आपल्याच राज्यातले उदाहरण आहे.

शेवटी एक विनंती श्रोत्यांना. आपल्यातला प्रत्येक जण केव्हा तरी सुतारकाम करवून घेतो. त्या वेळी दर विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. माल कोणत्या मानकाचा, शिक्का दाखवा. कडा बंद करणार काय? काम प्रत्यक्ष कोण करणार, त्याला दिवसाला किती मिळणार? आणि बिघडले तर कोण येणार? या चार प्रश्नांनी ठेकेदार थोडा अस्वस्थ होईल. पण कोपऱ्यात उभा असलेला मुलगा, ज्याला आपण ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारतो, तो मान वर करून पाहील. कारण त्याच्या कामाबद्दल प्रथमच कोणी तरी विचारले असेल. त्याला चहा द्या, आणि त्याचे नावही विचारा.

कारागिराच्या कसबाची घसरण ही कारागिराच्या किमतीची घसरण आहे. आपण त्याची किंमत फुटाने मोजू लागलो, तोही आपले काम फुटाने मोजू लागला. ते माप बदलणे हे काम संघटनेचे आहे, सरकारचे आहे, आणि तितकेच आपले आहे. हात अजून शाबूत आहेत. शिकायची इच्छा असलेली मुले रोज पहाटे नाक्यावर उभी आहेत. त्यांना वेळ द्या, लाकूड द्या, शिकवणारा द्या. दारे आपोआप सरळ बसतील.